कंपनीचा माणूस

दुकानाच्या पाटीवरची 'गाणे भरून मिळतील' ही ओळ मी माझ्या हातानं पुसली. रंगाऱ्याला बोलवायची हिंमत नव्हती. आमचा रंगारी म्हणजे लाखांदूरचं चालतंबोलतं वर्तमानपत्र, पाटी पुसायच्या आधी बातमी बसस्टँडवर पोचली असती. म्हणून सकाळी शटर अर्धं उघडून मीच स्टुलावर चढलो. पाटी निळी होती आणि घरात उरलेला रंग होता हिरवा. पुसलेली ओळ आधीपेक्षा जास्त डोळ्यात भरायला लागली. येणारा-जाणारा विचारायचा, "भाऊ, इथं काय लिहिलं होतं गा?" आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचो. याला कशाला पाहिजे? याला कोणी पाठवला असेल?

तेव्हा माझं डोकं असंच चालत होतं, कारण नोटीस आली होती.

माझं दुकान मोबाईल दुरुस्तीचं, पण खरा धंदा डीजेचा. लग्न, हळद, मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, चौदा एप्रिलची मिरवणूक, गणपती, जिथलं बोलावणं येईल तिथं जायचं. गाणी माझी, लॅपटॉप माझा, मिक्सर माझा. पेट्या, म्हणजे ते माणसाएवढाले स्पीकर, आणि त्या वाहून नेणारी पिकअप गाडी माझ्या जोडीदाराची. तो सानगडीचा. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या माग, बाप लुगडी विणायचा. यानं माग विकून पहिल्या दोन पेट्या घेतल्या तर बाप महिनाभर याच्याशी बोलला नाही. आमच्या आज्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, त्यामुळे त्याच्या घरचे देवदेव वेगळे, आमची वंदना वेगळी. पण पंधरा वर्षं आम्ही एका गाडीत बसून, एका डब्यात जेवून धंदा केला. लोक आमची नावंसुद्धा जोडूनच घ्यायचे.

त्याची मोठी मुलगी मला मोठेबाबा म्हणते. नर्सिंग करून साकोलीच्या एका दवाखान्यात लागलेली, हुशार, तोंडानं जरा फटकळ. तिची दोन स्थळं जमत आली होती आणि दोन्ही ऐन वेळी मोडली. दोन्ही वेळा कोणीतरी जाऊन भांजी मारली. दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा जोडीदार माझ्या दुकानात पाठमोरा बसून रडला होता. मुलीनं बापाला सांगून टाकलं होतं, "आता एक डाव पाहून घ्या बाबा. तेही मोडलं तर मग माह्या लग्नाचं नाव नका काढू. मी काही बाजारातली भाजी नाही." तिचं बोलणं म्हणजे बोलणं. आमच्या घरातही कोणाला वाटलं नाही की ती रागात बोलली आणि विसरून जाईल.

नोटीस रजिस्टर पोस्टानं आली. पोस्टमननं सही घेतली आणि जाता जाता विचारलं, "कोर्टाचं हाय का?" झालं, त्याच्यावरही माझा संशय बसला. आत सगळं इंग्रजी. दोन पानं वाचून मला माझं नाव, दुकानाचा पत्ता, मोबाईल नंबर आणि काही गाण्यांची नावं एवढंच कळलं. गाण्यांची नावं मात्र एकदम बरोबर होती, मी वाजवतो त्याच क्रमानं. ते पाकीट शर्टाच्या आत घालून मी साकोलीच्या कोर्टात एका वकीलबाईंकडे गेलो.

बाईंनी चष्मा लावून नोटीस वाचली. "गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत, तिची नोटीस आहे. परवाना नसताना तुम्ही गाणी वाजवली, असं म्हणणं आहे."

"पण मॅडम, म्या काही गाणे विकत घेतले आहेत. पैसे भरून डाउनलोड केले."

"ते ऐकायला घेतले. घरी बसून ऐका, कोणी काही म्हणणार नाही. तिकीट लावून, हॉटेलात, लॉनवर लोकांसमोर वाजवायचे तर परवाना वेगळा. आणि लॅपटॉपात कॉपी करून ठेवायचे, तोडून जोडून रिमिक्स करायचे, त्याची परवानगी आणखी वेगळी."

"अन् लग्नात?"

"लग्नाला सूट आहे. वरात, लग्नातलं नाचगाणं, कायद्यातच लिहिलं आहे तसं."

मी म्हटलं, "म्हणजे तेच गाणं, तेच पेट्या. समोर नवरदेव असला तर माफ अन् तिकीट असलं तर चोरी?"

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच समजा."

नोटिशीत तीन कार्यक्रम होते. एक तिकिटाचा गरबा आणि एक हॉटेलचं उद्घाटन. हे दोन्ही माझेच, नाकारता येत नव्हते. तिसरा होता हायवेवरच्या एका लॉनवरचा थर्टी फर्स्ट. आणि तिथं मी नव्हतोच! मी तेव्हा टायफाइडनं घरात पडून होतो. तिथं वाजवणारा दुसराच एक डीजे होता. पेट्या आमच्या होत्या, भाड्यानं दिलेल्या, आणि पेट्यांबरोबर गेला होता माझा जोडीदार. मग माझं नाव, माझा नंबर, माझी गाणी कंपनीला कोणी दिली?

बाई म्हणाल्या, "आपण त्यांना पुरावा मागू. तोवर एक करा, अनोळखी माणूस येऊन विचारपूस करायला लागला तर तोंड उघडू नका. कधी कधी यांची माणसं गिऱ्हाईक बनून येतात. कोणासोबत धंदा करता, गाडी कोणाची, सामान कोणाचं, असं गोड बोलून काढून घेतात."

बाईंनी सांगितलं ते माझ्या भल्यासाठी. पण माझ्या पोटात त्याचं वेगळंच काही शिजलं. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून एकच हिशोब मांडत होतो. लॉनवर कोण होतं? तो. माझी गाणी कोणत्या क्रमानं लागतात हे कोणाला पाठ आहे? त्याला. माझ्यावर कारवाई झाली तर लॅपटॉप माझा जाईल, पेट्या कोणाच्या वाचतील? त्याच्या. लाखांदूर येईपर्यंत मी त्याला दोषी ठरवून मोकळा झालो होतो.

एकदा डोळ्यात कचरा गेला की सगळंच धूसर दिसते. तो फोन आला की उठून बाहेर जायला लागला होता. आधी माझ्यासमोर बायकोशी भांडायचा तो माणूस आता "हो, हो, मंग सांगतो" म्हणून फोन ठेवायचा आणि मोबाईल उलटा करून ठेवायचा. एका बुधवारी तो पवनीकडे गेला. कशाला, तर म्हणे स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, आणायला. आला तेव्हा हातात कोन नव्हता. मी विचारलं तर म्हणे, "भेटला नाही." अरे, कोन नागपूरला भेटतो हे दोघांनाही माहीत!

आणि मग सानगडीच्या बाजाराचा दिवस. मी मुद्दाम न सांगता गेलो होतो. चहाच्या हॉटेलात तो बसला होता आणि त्याच्यासमोर इस्त्रीचे शर्ट घातलेली दोन अनोळखी माणसं. टेबलावर फाईल. फाईल होती, राजेहो, प्लॅस्टिकची, वर चेन असलेली! मला पाहिल्याबरोबर तो उठला आणि असा उभा राहिला की मला ती माणसं दिसू नयेत. "अरे, तू कसा काय?" म्हणाला आणि हसला. त्याचं ते हसणं मला अजून आठवते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हसणं होतं ते, पण मी त्याचा अर्थ वेगळा लावला.

घरी आत्या आली होती. तिला मी सगळं सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं, कारण ती त्याची बाजू घेणार हे मला ठाऊक होतं. आत्या सुपारी कातरता कातरता म्हणाली, "बापू, ते ते आहेत अन् आपुन आपुन. पंधरा वर्ष सोबत जेवलं म्हणून का रक्त बदलते?" मी तिला तिथंच गप्प करायला पाहिजे होतं. नाही केलं. खरं सांगायचं तर ऐकून मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्या संशयाला बसायला पाट दिला होता. याची मला आज लाज वाटते आणि ती लाज लिहिताना कमी होत नाही.

भांडण मी केलं नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी नुसता थंड पडलो. दोन कार्यक्रम रद्द झाले म्हणून त्याला खोटं सांगितलं आणि दुसऱ्याच्या पेट्या भाड्यानं घेऊन वाजवून आलो. त्यानं विचारलं, "काही झालं का गा? तब्येत बरी नाही का तुही?"

"काय होईल? काही नाही."

त्याच्या घरी जाणं मात्र मी थांबवलं नाही. उलट जास्त गेलो, पाळत ठेवायला. वहिनींनी वडाभात केला होता. मी दोनदा मागून घेतला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन टीव्हीच्या मागं खोचलेले कागद उपसायला लागलो. निघालं काय तर लाईटबिल आणि पोलिओ डोसाचं जुनं कार्ड. तेवढ्यात मागून मुलगी म्हणाली, "मोठेबाबा, काय पाहून राहिले?"

"चष्मा."

"डोक्यावर आहे तुमच्या." आणि हसली. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. चोराच्या घरी हसायचं नाही, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

त्यानंतर आठवड्याभरात तो माणूस आला.

दुपारची वेळ. पवनीकडून येणारी एसटी लागली आणि तिच्यातून एक साठीचा माणूस उतरला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पायात नव्या चपला. त्यानं आधी समोरच्या पानठेल्यावर काहीतरी विचारलं, ठेलेवाल्यानं माझ्या दुकानाकडे बोट केलं. मी काउंटरमागं सावध होऊन बसलो. तो आला, पाटीकडे पाहिलं, पुसलेल्या ओळीवर त्याची नजर थांबली.

"डीजेवाले भाऊ तुम्हीच का?"

"मोबाईल दुरुस्त करतो," मी म्हटलं.

"बरं, बरं." तो स्टुलावर बसला. पाणी मागितलं, मी दिलं. गावाचं नाव काही सांगितलं नाही, इकडूनच आलो म्हणाला. मग एकदम जोडीदाराचं नाव घेतलं. "सानगडीचे ते तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे?"

आला! मी मनात म्हटलं, आला कंपनीचा माणूस. वकीलबाई देवमाणूस, आधीच सांगून ठेवलं.

"किती वर्षांपासून सोबत आहे तुमची?"

"सोबत कायची? दोनचारदा गेलो असन."

"गाडी त्यायच्याच नावावर आहे का?"

"मले माहीत नाही."

"पेट्याफिट्या स्वतःच्या आहेत का कर्जाच्या?"

"माहीत नाही."

"लग्नाशिवाय आणखी कुठं कुठं जातात ते?"

हा प्रश्न ऐकून तर माझी खात्रीच झाली. एकही प्रश्न असा नव्हता जो कंपनीचा माणूस विचारणार नाही. तो जरा वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. माणूस म्हणून कसे आहेत? भरवशाचे आहेत का?"

इथं मला गप्प बसता आलं असतं. बाईंनी तोंड उघडू नका म्हणून सांगितलं होतं, उघडा म्हणून नाही. पण माझ्या मनात किती दिवसांचं साचलेलं होतं. शिवाय मला वाटलं, जोडीदारानं माझी चुगली केली, तर आता त्यालाही थोडी झळ लागू दे. मी म्हटलं, "तोंडाचा गोड आहे. पोटात काय आहे ते कोनालेच कळत नाही. आपल्या माणसाच्या पाठीत सुरा घालायले मागंपुढं पाहत नाही. म्या तर संबंध तोडून टाकला. तुम्हीही दूर राहा."

त्या माणसानं काही लिहून घेतलं नाही. पिशवी खांद्याला लावली. मग हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "बरं झालं बापा, खरं बोलले. आजकाल कोनी खरं सांगत नाही." मी त्याला चहासुद्धा पाजला. तो परतीच्या एसटीत चढला तेव्हा मी खुश होतो. कंपनीच्या माणसाला कसं गुंडाळलं!

पाच-सहा दिवसांनी वकीलबाईंनी बोलावलं. कंपनीनं पुरावा पाठवला होता, तिन्ही कार्यक्रमांच्या मोबाईलवर काढलेल्या चित्रफिती. बाईंनी लॉनवाली लावली. दिवे, धूर, नाचणारे लोक, गाणं सुरू. आणि गाण्याच्या मधोमध, बेसच्या वर, घुमणारा एक जाड आवाज: डीजे अमुकतमुक, लाखांदूर! बुकिंगसाठी संपर्क! आणि पुढे एक एक करून दहाही आकडे.

तो आवाज माझा होता.

आमच्या धंद्यातली ही रीत बाहेरच्या माणसाला माहीत नसेल. इकडचा प्रत्येक डीजे गाण्यात आपल्या नावाचा आवाज टाकतो. दर मिनिटा-दीड मिनिटाला नाव आणि नंबर. का, तर आपलं गाणं दुसऱ्यानं चोरू नये! ज्या गाण्यात माझा एक ठोकाही नव्हता, सरळ कुठूनतरी उचललेलं, त्यावरही मी माझा ठप्पा मारला होता आणि वर मिजास करत होतो. ती गाणी एका पेन ड्राइव्हमधून दुसऱ्यात, साकोलीपासून ब्रह्मपुरीपर्यंत फिरत होती. लॉनवरच्या डीजेनं तीच लावली. कंपनीच्या माणसाला काहीच करावं लागलं नव्हतं, नुसतं उभं राहून माझाच नंबर लिहून घ्यायचा होता.

बाई हसून हसून लाल झाल्या. "साक्षीदार एकदम पक्का आहे तुमचा," म्हणाल्या. मग धीर दिला. गरब्याचे आयोजक, हॉटेलवाला आणि लॉनवाला परवाना काढायला तयार होते, मीही माझ्यापुरता काढायचा, गाण्यांवरचे ठप्पे बंद करायचे, उत्तर पाठवून प्रकरण मिटेल. तसंच झालं पुढे. पण मला त्या वेळी नोटिशीचं काहीच वाटत नव्हतं. माझ्या डोक्यावरून केवढा दगड उतरला होता. जोडीदारानं काही केलंच नव्हतं! मी साकोलीत पेढे घेतले. उद्या सकाळी सानगडीला जायचं, त्याला सगळं सांगायचं, तो चार शिव्या देईल, मी खाईन, असं ठरवून घरी आलो.

सकाळी मी निघायच्या आधी तोच दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. स्टुलावर बसला.

"मोडलं गा," तो म्हणाला.

"काय मोडलं?"

"पोरीचं."

मग त्यानं सांगितलं. दोन महिन्यांपासून एक स्थळ चाललं होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्यांच्या नव्या वसाहतीतलं घर, मुलगा वीज खात्यात लाइनमन. मुलीला मुलगा आवडला होता. पहिल्यांदा ती स्वतःहून हो म्हणाली होती. पण मागचे दोन अनुभव, म्हणून बायकोनं त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली होती, सुपारी फुटेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. अगदी कोणालाही. "तुले सांगतलं नाही याचं मले रोज वाटत होतं," तो म्हणाला. "बाजारात तू आला तवा मुलाकडचे दोघं बसले होते, पोराची माहिती अन् फोटो घेऊन. म्या तुह्यासमोर असा उभा राहिलो. मले माहीच लाज वाटली."

मी काउंटरवरचा पेढ्यांचा पुडा खाली सरकवला.

"सारं जमलं होतं. मंग मुलाचा मोठा काका चौकशी करायले निघाला, लाखांदूरपर्यंत येऊन गेला म्हणे. अन् परवा निरोप आला, तुमच्या जवळच्याच माणसानं सांगतलं, असे लोक आमाले नको. नाव नाही सांगत." त्यानं तोंड पुसलं. "कोन असन गा? म्या चुलतभावाच्या घरी जाऊन भांडून आलो काल. शेताच्या धुऱ्याचं भांडन आहे ना त्याचं माह्यासंगं. त्यानं पोरायच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं, मी नाही म्हणून. म्या ऐकलं नाही. आता तुले सोडून मले साऱ्यायवर शक येऊन राहिला."

मी काय केलं? चहा मागवला. त्यानं अर्धा पिऊन ठेवला आणि गेला. पेढ्यांचा पुडा काउंटरखाली तसाच होता. भ्याड माणूस आधी दुसरी वाट शोधतो. मला वाटलं, आधी त्या काकाकडे जाऊ, सगळं निस्तरू आणि मग याला सांगू. मोटारसायकल काढली आणि निघालो.

वसाहतीतले रस्ते सरळ आखलेले, घरं एकसारखी, विचारत विचारत पोचलो. काका ओसरीवर बसले होते. मला पाहून ओळखलं, पाणी दिलं. मी त्यांच्या पाया पडलो. नोटीस, वकीलबाई, लॉन, सगळं भडाभडा सांगितलं. "बाबा, मले वाटलं तुम्ही कंपनीचे माणूस. म्हणून खोटं बोललो. पंधरा वर्षांत त्याच्यासारखा माणूस म्या पाहिला नाही. पोरगी तर सोनं आहे."

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही मले ओळखत नव्हते. माह्यापासून तुमाले काही पाहिजे नव्हतं. आज तुम्ही ओळखून आले, काम घेऊन आले. सांगा, मी कोनतं खरं मानू?"

"आजचं, बाबा. आजचं खरं आहे."

"असन बापा. पन तुमच्या घरच्या पोराचं लगन असतं तर तुम्हीही हेच केलं असतं, जे म्या केलं. संशय आला की आमी दूर राहतो." एवढं बोलून ते उठले. मुलगा ओसरीच्या दारात उभा होता. मोठ्या काकाच्या पुढं त्याची बोलायची रीत नव्हती.

तिथून मी थेट सानगडीला गेलो. जोडीदार अंगणात पिकअपच्या फाळक्याला वंगण लावत होता. मुलगी ड्युटीवर गेली होती. वहिनी आतूनच म्हणाल्या, तिनं मुलाकडची फाईल चुलीत घातली म्हणून. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "चुलतभावाची माफी मागून घे. तो नाही. मी आहो."

त्याला कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी टीव्हीमागच्या कागदांसकट. आत्या काय म्हणाली तेवढं मात्र सांगवलं नाही. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याच्या हातातलं वंगण कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि तो पुसत नव्हता.

"मले खरंच वाटलं गा," मी म्हणत होतो, "तो माणूस मले कंपनीचा वाटला."

"तो कंपनीचा वाटला," तो म्हणाला. "अन् मी? मी कोन वाटलो तुले?"